मोएकेत्सीची जर्सी

१९ मे, शनिवार

सगळ्या टोप्या परत आल्या. बावीसच्या बावीस.

माझ्याबरोबर विणणारी मासेआबाता पिशवी घेऊन दारात उभी होती. पिशवीवर हॉस्पिटलातल्या सिस्टर मोलेफीची चिठ्ठी टाचलेली. "बाई, टोप्या फार सुंदर आहेत. पण मोहेरचे तंतू सुटतात. काल एका बाळाच्या नाकातून मी चिमट्याने काढले. साधी लोकर हवी, उकळत्या पाण्यात टिकणारी. आणि लवकर हवी. दिवस भरायच्या आत जन्मलेली सहा बाळं आहेत. सगळ्यांत लहान अकराशे ग्रॅमचं."

आम्ही विणणाऱ्या सहा जणी. सगळ्या याच डोंगरातल्या, सगळ्यांच्या दारात शेळ्या. मोहेर म्हणजे आमच्याच शेळ्यांचा केस, आम्हीच कातलेला. मऊ आहे, आपला आहे, म्हणून तोच चांगला असं धरून चाललो. एकीनेही टोपी स्वतःच्या नाकाशी धरून श्वास घेऊन पाहिला नाही. मी आत्ता पाहिला. शिंका आल्या.

मासेआबाता म्हणाली, "शेळ्यांनाच घालू आता. त्यांचे केस, त्यांच्याच टोप्या."

हसले. मोएकेत्सी गेल्यापासून पहिल्यांदा. आज दहावा दिवस.

२० मे

चर्चला गेले नाही. काळ्या कपड्यातल्या बाईने महिनाभर माणसांत मिसळायचं नसतं. सूर्य बुडायच्या आत घरात. तान्ह्या मुलांच्या आसपास तर नाहीच. हॉस्पिटल इथून दहा मिनिटांवर. खिडकीतून त्याचं लाल पत्र्याचं छप्पर दिसतं. तेवढंच.

मी उठायच्या आत कुणीतरी दोन बादल्या पाणी आणून ठेवलं होतं. वर झाकण, झाकणावर दगड. कोण ते कळलं नाही. विचारायचं नसतं. नवरा गेल्यावर इतकं मिळतं याची कल्पना नव्हती.

साधी लोकर घाटाखालून येते. महिनाअखेर, ट्रक आला तर.

२१ मे

त्याची तपकिरी जर्सी खुंटीवर आहे. मेंढीची लोकर, चार पदरी. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी विणली. एकेचाळीस वर्षं उकळत्या पाण्यात टिकली. घाटातला बर्फ काढायचं यंत्र तो चालवायचा. पहाटे निघायचा तो हीच घालून.

नियम मला माहीत आहे. गेलेल्या माणसाच्या कपड्यांना हात लावायचा नाही. महिन्याने नातलग जमतात, कोरफडीच्या पाण्यात सगळं धुतात, मग वाटतात. पहिला मान मामाचा. तोवर त्या कपड्यांत मरणाची सावली असते म्हणतात. मी अडतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली. सावली या विषयावर मुलींकडून निबंध लिहून घेतले. सावली असते की नाही, मला माहीत नाही.

अकराशे ग्रॅम म्हणजे एक किलो साखर आणि वर मूठभर.

दुपारी जर्सी खाली काढली. बाजूच्या शिवणी कापल्या. पाठ आणि बाह्या तशाच ठेवल्या. पुढचा भाग गळ्यापासून उसवत गेले. लोकर कुरकुर न करता आली. डाव्या खांद्याखाली दोन टाके चुकलेले निघाले. विसाव्या वर्षीची चूक. तो एकेचाळीस वर्षं ती अंगावर घेऊन हिंडला, एकदाही बोलला नाही. कदाचित त्याला दिसलीच नसेल.

२२ मे

चार लड्या. कोमट पाण्यात बुडवून दोरीवर टांगल्या, वजनाला खाली चमचे बांधले. लोकरीची वळणं सरळ व्हायला वेळ लागतो.

२४ मे

पहिली टोपी. माप संत्र्यावर घेतलं. संत्रं मोठंच निघालं, लिंबापाशी जाऊन परत आले, शेवटी मधलं एक सापडलं. एक सुलट, एक उलट, चार बोटं. मग सुलटच. माथ्यावर टाके कमी करत आठावर आणले आणि ओढून बंद केले. गाठ बाहेरच्या बाजूला. आतली गाठ टाळूला टोचते.

मासेआबाता न्यायला आली. "ही लोकर कुठली गं?"

"घरात होती."

खोटं नाही बोलले.

२८ मे

सात झाल्या. प्रत्येक बाळाला दोन हव्यात. एक डोक्यावर, एक धुण्यात. म्हणजे बारा.

सिस्टर मोलेफीची चिठ्ठी: "बाई, सर्वांत लहान मुलीचं तापमान आज साडेछत्तीस अंश. हवं तेवढं, पहिल्यांदा." मी वाचता वाचता उभी राहिले. कशासाठी उठले ते आठवेना. परत बसले.

हातांचे आभार मानावेत असं कधी वाटलं नव्हतं. सकाळी बोटं वळत नाहीत, चहाच्या कपाभोवती धरून ठेवावी लागतात. पण वळतात.

३१ मे

मादिपुओताई आल्या. मोएकेत्सीची थोरली बहीण. पाठीवर लाकडं, तोंडात तक्रार. "वहिनी, चूल आहे की दिखावा? इथे तर गोगलगायही गारठून मरेल." स्वतःच पेटवली. मक्याच्या पिठाचा पापा शिजवला, पालेभाजी केली. मला ताटलीत वाढून समोर बसल्या, संपेपर्यंत उठल्या नाहीत. त्यांचं प्रेम असंच आहे, काठी हातात घेऊन येतं.

धुण्याचा दिवस सोळा जून ठरला. बोटांवर मोजत गेल्या — बूट धाकट्याला, घोंगडी थोरल्या पुतण्याला, टोपी अमक्याला. "आणि तपकिरी जर्सी मोहापीमामांना. त्यांनी निरोपच पाठवलाय. दुसरं काही नको, जर्सी ठेवा."

मोहापीमामा म्हणजे माझे मामेसासरे. एकोणऐंशी वर्षांचे. पलीकडच्या खोऱ्यात एकटे राहतात.

जर्सी आतल्या खोलीत खुर्चीवर होती. पाठ आणि दोन बाह्या. पुढे काही नाही.

मी म्हणाले, "बरं."

१ जून

ताईंना सांगायला हवं होतं. 

ट्रक आला नाही. अकरावी टोपी संपवली. बारावी विणायला घ्यायची तर पाठ उसवावी लागेल. धीर होत नाही.

४ जून, सोमवार

आज एक मुलगी आली. विशीतली, अंगावरच्या घोंगडीला मोठी पिन लावलेली. दारातूनच म्हणाली, "टोपीवाल्या आई तुम्हीच ना? मी दिनेओ. ती सगळ्यांत छोटी, ती माझी."

काळ्या कपड्यामुळे मी दूर बसले. तिनेच स्टूल जवळ ओढलं. "बाळ कुठे आणलंय मी? ते तिकडे आहे." चहाबरोबर ब्रेड खाल्ला, तीन तुकडे. बोलत राहिली. पोर दुधाच्या नळीशी कशी झगडते. सिस्टर कशी ओरडते. "सिस्टर म्हणते, टोपी काढलीस तर तुझं डोकं काढीन." मुलगी किती लहान आहे ते तळव्यावर दाखवलं. एवढी. तिचा तळवा बराच वेळ तसाच हवेत राहिला.

मग आभार मानले. दोन्ही हातांनी माझा हात धरून, गुडघ्यात वाकून, रीतीप्रमाणे.

उठताना आतल्या खोलीत तिची नजर गेली. खुर्चीवर जर्सी. "तोच रंग," ती म्हणाली. "कुणाची होती?"

मला 'माझी' म्हणता आलं असतं. अडतीस वर्षं मुलींना खरं बोला म्हणून शिकवलं. 

"माझ्या नवऱ्याची," म्हणाले.

तिने माझ्या काळ्या बाहीकडे पाहिलं. "धुणं झालं?"

"सोळाला आहे."

"बरं," ती म्हणाली. कप उचलून धुऊन पालथा ठेवला. गेली.

५ जून

दाराच्या कडीला पिशवी. अकरा टोप्या. नीट घड्या घातलेल्या.

६ जून

मासेआबाता सांगून गेली. कालपासून वॉर्डात एकाही बाळाच्या डोक्यावर टोपी नाही. सहाही बाळांच्या आया एक झाल्या आहेत. मासेआबाताने नातीचा पिवळा स्वेटर उसवून दोन टोप्या नेल्या, त्याही नकोत म्हणाल्या. कुठली लोकर कुणाची, कोण सांगणार? सिस्टर डोक्याला टॉवेल गुंडाळते, टॉवेल घसरतात. ती आयांना म्हणाली, त्या टोप्या मी स्वतः उकळल्या होत्या. एकजण म्हणाली, "सिस्टर, उकळून जंतू मरतात. सावली मरत नाही."

मासेआबाता मला म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचलीस, एक धड खोटं बोलता येत नाही तुला?"

"तू बोलली असतीस?"

"मी? मी म्हटलं असतं, बिशपची जर्सी आहे."

तिला राग आला होता आणि ती माझ्याकडेच बसून राहिली, ऊन उतरेपर्यंत.

७ जून

ताईंना कळलं. कळणारच होतं. आल्या, खुर्चीवरून जर्सी उचलली, बाह्या धरून समोर धरली. पुढे छातीच्या जागी काही नव्हतं, मागची पाठ तेवढी लोंबत होती.

"माझ्या भावाची छाती वाटून टाकलीस, वहिनी."

मी जर्सी घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिली नाही.

"मला सांगायचंस तरी. मी नको म्हटलं असतं. पण सांगायचंस."

रडल्या. मग डोळे पुसून चुलीत लाकूड सारलं. ह्यात त्या किंवा मी काही करू शकत नाही असं म्हणाल्या. सावली कुणी उतरवायची तर मामांनीच. मामांना निरोप गेलाय.

मी त्या पोरीला मारलं असं होऊ नये. दिवसभर एवढंच डोक्यात आहे. सावली असो वा नसो. थंडी तर आहेच.

८ जून

बर्फ. घाट बंद. यंत्रावर नवा माणूस आहे, त्याला वळणं माहीत नाहीत.

दिनेओची मुलगी पस्तीस पूर्णांक चार.

९ जून

वीज नाही. सिस्टरने सगळी बाळं आयांच्या छातीशी उघडी बांधली आहेत, वरून घोंगडी. ऊब मिळते. पण डोकं बाहेर राहतं. नाक मोकळं ठेवावंच लागतं.

दिनेओच्या मुलीचे चाळीस ग्रॅम कमी झाले.

१० जून

दिनेओला कुणीतरी म्हणालं, त्या बाईवर रागावली नाहीस का? ती म्हणाली, "कशाला रागावू? विचारलं तर खरं सांगितलं. दुसरीने लपवलं असतं." सिस्टरने हे मला चिठ्ठीत लिहून पाठवलं. का पाठवलं कळत नाही. चारदा वाचली.

खिडकीतून लाल छप्पर आज पांढरं.

११ जून, सोमवार

दुपारी मामा आले. बर्फातून, घोड्यावरून, दीड दिवसाची वाट. मिशांना बर्फ लागलेला. ताई धावल्या, त्यांना उतरवायला गेल्या तर म्हणाले, "घोड्याला आधी बघ. तो तरुण आहे, त्याला थकायची सवय नाही."

आत आले. बसायच्या आधीच म्हणाले, "जर्सी."

मी पाठ आणि बाह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. शेजारी पिशवी. सगळं सांगितलं. मोहेरपासून सुरुवात केली, कारण तिथून सुरुवात होती. मध्ये थांबले नाही. ताई भिंतीकडे बघत होत्या.

मामांनी पिशवीतली एक टोपी काढली. स्वतःच्या मुठीवर चढवून पाहिली. चढली नाही. मूठ सोडून बोटं जुळवली, मग चढली.

"एवढं डोकं?"

"हो."

"माणसाचं?"

"मुलीचं, मामा."

टोपी हलकेच काढून पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "सूनबाई, खायला दे."

पापा खाल्ला, भाजी खाल्ली, आंबील मागितली, तीही प्याले. ताईंनी कोरफड तोडून ठेवलीच होती, मोठ्या पातेल्यात पाणी तापत होतं. मामांनी विचारलं, "या धुतल्या तर वाळायला किती दिवस?"

"या हवेत तीन," मी म्हणाले. "शेगडीवर धरल्या तर दोन."

"आणि ती मुलगी दोन दिवस थांबेल?"

पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं होतं.

ताई हळूच म्हणाल्या, "मामा, पण धुतल्याशिवाय सावली —"

"मला शिकवतेस?" आवाज चढवला नाही. "तुझ्या आईच्या कपड्यांना कोरफड मीच लावली होती. तू तेव्हा कोपऱ्यात बसून चिमूट चिमूट साखर खात होतीस."

उठले. पिशवी घोंगडीच्या आत, छातीशी धरली. वरून पिन लावली. ताईंना म्हणाले, "चल. तू माझ्याबरोबर." मला म्हणाले, "तू बस. तुझं धुणं अजून झालं नाही."

ते दोघं बर्फातून गेले. ताई पुढे, वाट दाखवत. तो म्हातारा मागे, एक हात छातीवर. पाहता पाहता दिसेनासे झाले. काय सांगतील, माफी मागतील की सावली उतरवतील, मला माहीत नाही. पातेलं खाली उतरवलं.

सूर्य बुडाला तरी परत आले नाहीत. मासेआबाताने निरोप दिला — मामांचा गुडघा धरलाय, ते दोघं तिच्याकडेच झोपतील. बाकी काही सांगितलं नाही.

१२ जून

सकाळी सिस्टर मोलेफी स्वतः आली. अंगणातच उभी राहून सांगितलं.

पुरुषाला तिथे आत जाता येत नाही. मामा वॉर्डाच्या उंबऱ्यावर थांबले. तिथूनच म्हणाले, "पोरींनो, ती जर्सी माझी. भाच्याला घालायला दिली होती, त्याने परत केली नाही. त्याची असती तर सोळा तारखेपर्यंत थांबलो असतो. माझी आहे, म्हणून तर बर्फातून मागायला आलो. मी अजून जिवंत आहे. लोकरीला हात लावून बघा."

घोंगडीच्या आतून काढल्या तेव्हा टोप्या गरम होत्या.

दिनेओने ताईंना विचारलं, "मावशी, खरं?" ताई म्हणाल्या, "आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे." दिनेओने पहिली टोपी घेतली. मग बाकीच्या पाच जणींनी.

सिस्टरने हातावर लिहून आणलं होतं, बाही सारून दाखवलं. ३६.४.

ती गेल्यावर पाठ उसवायला घेतली. बारावी बाकी आहे.

लग्नानंतरच्या त्या हिवाळ्यात मामा आमच्याकडे महिनाभर राहिले होते. मला लोकरीचा गुंडा करायचा होता, मोएकेत्सी घाटात गेला होता. जर्सीच्या तपकिरी लोकरीची लडी मामांनीच दोन्ही हातांवर धरली होती. पूर्ण दुपार.